सशाचे पोट आणि गवताची काडी
(स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरांनी आयुष्यभर गाई-म्हशींची आणि बैलांची सेवा केली. मुक्या जनावराला तक्रार सांगता येत नाही, तेव्हा त्याच्या गव्हाणीत काय आहे आणि मागे काय पडले आहे ते आधी पाहा, असे ते सांगत. आज मी ज्या प्राण्याविषयी बोलणार आहे, त्याला ही शिकवण शब्दशः लागू पडते. तो प्राणी म्हणजे आपल्या घराघरांतला पाळीव ससा.

पुण्यात, ठाण्यात, नाशकात, नागपुरात, लहान गावांतसुद्धा आता फ्लॅटमधून ससे दिसतात. बहुतेक वेळा मुलांच्या हट्टापायी ससा घरी येतो. त्याच्याबरोबर एक पिंजरा येतो, रंगीत दाण्यांची एक पिशवी येते आणि गाजर तर घरात असतेच. नीट सांभाळला तर ससा आठ ते बारा वर्षे जगतो. प्रत्यक्षात मात्र कित्येक ससे वर्ष-दोन वर्षांतच आम्हा पशुवैद्यांच्या टेबलावर येतात आणि तक्रार बहुधा एकच असते : "डॉक्टर, कालपासून काही खातच नाही हो."

घरात पाळलेल्या सशाच्या पोटाच्या बहुतेक तक्रारी त्याच्या ताटातून सुरू होतात आणि ताटातच त्या आवरता येतात. हेच मला आज सांगायचे आहे. औषध लागते तेव्हा ते द्यावेच लागते. पण रोजचे वाळलेले गवत हा सशाच्या तब्येतीचा पाया आहे आणि तो पाया नसेल तर आमची औषधे फार काळ टिकाव धरत नाहीत. असे का होते, हे समजायला आधी सशाच्या पोटात डोकावले पाहिजे.

पाळीव सशाचे मूळ आयबेरियन द्वीपकल्पात, म्हणजे आजच्या स्पेन आणि पोर्तुगालच्या भूमीत आहे. आपल्या माळरानावर दिसणारा ससा ही वेगळी प्रजाती आहे. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याला घरी पाळता येत नाही. पाळीव सशाचे पूर्वज कोरड्या, उघड्या मुलखात राहत. तिथे गवत भरपूर होते, पण ते रुक्ष होते, त्यात कस कमी होता. शिवाय लांडगा-कोल्ह्याच्या आणि घारी-गरुडांच्या भीतीने बिळापासून फार लांब जाता येत नसे. हलका चारा मोठ्या प्रमाणात खायचा, त्यातले उपयोगाचे ठेवून घ्यायचे आणि बाकीचे लवकर बाहेर टाकायचे, असे त्याचे सगळे शरीर या जगण्यासाठी घडले.

सुरुवात दातांपासून करू. सशाला २८ दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे दात आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर वाढतात. वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी एक छोटी जोडी असते. उंदीर-घुशींना ती नसते. एके काळी सशाची गणना कुरतडणाऱ्या प्राण्यांत होत असे. १९१२ साली जेम्स गिडली या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्यांना वेगळ्या गणात ठेवले. याचा स्वयंपाकघराशीही संबंध आहे, कारण उंदीर दाणे खातो म्हणून ससाही दाणे खाईल, असे आपल्याला वाटत राहते. ससा गवत खाणारा आहे. गवत चावताना त्याचा जबडा आडवा, या बाजूकडून त्या बाजूकडे फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासून झिजतात. दाणा किंवा बिस्किट फोडायला जबडा वर-खाली हलला की पुरते. मग दाढा झिजत नाहीत, त्यांना कडेने अणकुचीदार टोके येतात आणि ती जिभेला किंवा गालाला टोचतात. तोंड दुखू लागले की ससा खाणे कमी करतो आणि खाणे कमी झाले की पोट मंदावते. म्हणून पोटाची तक्रार घेऊन आलेल्या सशाचे तोंड आम्ही आधी उघडून पाहतो.

जठराविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवा. सशाला उलटी करता येत नाही. आणि निरोगी सशाचे जठर कधीच पूर्ण रिकामे नसते. त्यामुळे माणसासारखा लंघनाचा उपाय त्याला चालत नाही. ऑपरेशनच्या आधीसुद्धा सशाला उपाशी ठेवत नाहीत. कुठे तसे सांगितले गेले तर नम्रपणे पण ठामपणे पुन्हा विचारा.

खरा कारखाना पुढे आहे. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर सशाला एक प्रचंड पिशवी असते, ती म्हणजे अंधांत्र. संपूर्ण पचनमार्गाच्या क्षमतेपैकी सुमारे ४० टक्के क्षमता एकट्या या पिशवीत असते. तिथे कोट्यवधी जिवाणू गवताचा सूक्ष्म चुरा आंबवतात आणि त्यातून निघणारी आम्ले सशाला ऊर्जा देतात. पण सगळे गवत त्या पिशवीत जात नाही. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला निवड होते. आपल्याकडे बायका सुपात धान्य पाखडतात तशीच ही निवड असते. साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठे तंतू पुढे सरकतात आणि त्यांच्या कोरड्या, गोल लेंड्या होतात. बारीक कण आणि पाणी उलट दिशेने अंधांत्रात परत जातात.

पुढे सरकणारे जाड तंतू सशाला पचत नाहीत. त्यांच्यातून त्याला पोषणही मिळत नाही. तरीही त्याचे आयुष्य त्यांच्यावरच अवलंबून आहे, कारण आतड्याची हालचाल तेच चालू ठेवतात. तंतू आत येत राहिले की आतडे पुढे ढकलत राहते. ते थांबले की आतडे सुस्तावते. सशाच्या आहारशास्त्राचे सगळे सार या एका गोष्टीत आहे.

अंधांत्रात आंबलेला माल दिवसातून एक-दोनदा वेगळ्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर येतो. त्या मऊ, चकचकीत, उग्र वासाच्या आणि एकमेकींना चिकटलेल्या असतात. ससा मान वळवून त्या थेट गुदद्वारापाशीच तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. १८८२ साली मोरो या फ्रेंच पशुवैद्याने या सवयीचे शास्त्रीय वर्णन केले. या लेंड्यांत जिवाणूंनी तयार केलेली प्रथिने, ब गटातील जीवनसत्त्वे आणि के जीवनसत्त्व असते. लेंडीभोवतीच्या बुळबुळीत आवरणामुळे जठरातल्या तीव्र आम्लातही ती काही तास शाबूत राहते. घरातले लोक हे पाहून "शी, घाण खातोय" म्हणत त्याला हाकलतात. कृपा करून हाकलू नका. तो त्याच्या जेवणाचा दुसरा भाग आहे आणि त्याच्यासाठी अत्यावश्यक आहे.

आता बिघाड कसे होतात ते पाहू.

पहिला आणि सर्वांत जास्त दिसणारा बिघाड म्हणजे मऊ लेंड्या न खाल्ल्या जाणे. पिष्ट आणि साखर जास्त झाली की अंधांत्रातल्या जिवाणूंचा समतोल ढळतो आणि लेंडी पातळ, लिबलिबीत होते. दुसरीकडे खुराकानेच पोट भरले की ससा ती खात नाही, किंवा लठ्ठपणामुळे त्याचे तोंड तिथवर पोचत नाही. मग ती मागे केसांना चिकटते. पावसाळ्यात तिच्यावर माश्या बसतात, अंडी घालतात आणि अळ्या कातडीत शिरतात. ससा यातून दगावू शकतो.

माझ्याकडे ठाण्याहून असाच एक ससा आला होता. पांढरा, लाल डोळ्यांचा, चिकू नावाचा. मागचा भाग पूर्ण बरबटलेला, जवळ जाताच वास येत होता. जुलाब समजून घरच्यांनी औषधाच्या दुकानातून काहीबाही आणून पाजले होते. टेबलावर ठेवल्यावर घाबरून त्याने चार-पाच लेंड्या टाकल्या. त्या गोल, कोरड्या होत्या. खरा जुलाब असलेला ससा कोरडी लेंडी टाकत नाही. तेव्हाच कळले की आतडे चालू आहे, घोळ ताटात आहे. खाण्याची यादी विचारली. सकाळी गाजर, दुपारी तूप लावलेली पोळी, संध्याकाळी चहाबरोबर बिस्किट आणि दिवसभर रंगीत दाण्यांची भरलेली वाटी. गवत? "इथं गवत मिळतं कुठं, डॉक्टर?" सूनबाई म्हणाल्या. शेजारी आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तो पायाशी येऊन हक्कानं मागतो. नाही कसं म्हणायचं?" मी म्हटले, "आजी, मागू दे. तुम्ही हातानं भरवायचंही सोडू नका. फक्त बिस्किटाऐवजी गवताची काडी द्या." जवळच्या एका तबेल्यातून त्यांनी सुके गवत आणले. बिस्किट आणि पोळी त्या दिवसापासून बंद झाली, दाणे मोजून हळूहळू कमी केले. कातडी स्वच्छ करून मलम लावण्यापलीकडे मी औषध दिले नाही. काही आठवड्यांनी चिकू स्वच्छ होऊन आला आणि आजींनी पिशवीतून एका कागदात बांधलेल्या लेंड्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. बघा म्हणाल्या, किती छान मोठ्या झाल्यात. सशाच्या तब्येतीचा याहून चांगला दाखला कोणत्याही प्रयोगशाळेला देता येत नाही.

दुसरा बिघाड म्हणजे आतडे मंदावणे. तंतू कमी, पाणी कमी, किंवा कुठेतरी दुखते आहे, अशा कारणांनी आतड्याची हालचाल थांबत जाते. लेंड्या बारीक, काळपट, कडक होतात, मग येईनाशा होतात. जठरातला माल सुकतो, वायू साठतो, पोट दुखते. दुखले की ससा आणखी कमी खातो. हे चक्र थोड्या तासांत जिवावर बेतते. पूर्वी याचे खापर "केसांच्या गोळ्या"वर फोडले जाई आणि अननसाचा किंवा पपईचा रस पाजला जाई. ससा अंग चाटतो, त्यामुळे त्याच्या जठरात केस असतातच, निरोगी सशाच्याही असतात. आतडे चालू असेल तर ते लेंड्यांतून निघून जातात. पोट मंदावते आणि पाणी आटते तेव्हा त्यांचा गोळा होतो. म्हणजे गोळा हा बहुधा आजाराचा परिणाम असतो. फळांच्या रसाने केस विरघळत नाहीत आणि त्यातली साखर अंधांत्राला उलट त्रास देते.

तिसरा प्रकार लहान पिल्लांचा, आणि तो सर्वांत करुण आहे. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या जठरात आम्ल सौम्य असते आणि आईच्या दुधातली काही स्निग्धाम्ले त्याचे जंतूंपासून रक्षण करतात. आई पिल्लांजवळ बिळात थोड्या लेंड्याही टाकते. त्या कुरतडून पिल्लांच्या पोटात योग्य जिवाणू पोचतात. दूध सुटून गवतावर येईपर्यंतचा काळ नाजूक असतो. या काळात पिल्लू आईपासून तोडले आणि त्याला दाणे-ब्रेड सुरू केले तर घातक जिवाणूंना मोकळे रान मिळते. क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू विष तयार करतात, पाण्यासारखे जुलाब होतात आणि पिल्लू एका दिवसात जाते. दाटीवाटीने ठेवलेल्या पिल्लांत कॉक्सिडिया या परजीवीचा संसर्गही होतो. म्हणून आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकत घेऊ नका. तळहातावर मावते म्हणून ते गोड दिसते, पण त्या वयात त्याची जागा आईजवळ आहे.

आहाराचा परिणाम नेमका किती होतो, याचा एक चांगला अभ्यास एडिनबरा विद्यापीठात झाला. अ‍ॅना मेरेडिथ, जेनिफर प्रेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ सशांचे चार गट केले आणि १७ महिने त्यांचे निरीक्षण केले. एका गटाला फक्त सुके गवत, दुसऱ्याला गवत आणि एकसारख्या गोळ्यांचे खाद्य, तिसऱ्याला गवत आणि दाण्यांचे मिश्रण, चौथ्याला फक्त दाण्यांचे मिश्रण. २०१४ पासून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध होत गेले. मिश्रण मिळालेल्या सशांनी आवडते दाणे निवडून खाल्ले आणि बाकीचे टाकले. ज्यांच्यापुढे गवत आणि मिश्रण दोन्ही होते, त्यांनी गवत कमी खाल्ले. नुसत्या मिश्रणावरच्या सशांचे वजन वाढले, लेंड्या लहान आणि कमी झाल्या आणि न खाल्लेल्या मऊ लेंड्या त्यांच्याकडे सर्वांत जास्त सापडल्या. दातांचे बिघाडही त्याच गटात दिसले. रंगीत दाण्यांची जी पिशवी आपण प्रेमाने आणतो, तिच्याबद्दल इतका स्पष्ट पुरावा हाती आहे. ती पिशवी आणू नका, असे मी या व्यासपीठावरून सांगते.

मग आपल्या घरात काय द्यावे? वाढ पूर्ण झालेल्या सशाच्या खाण्यात ८० ते ८५ टक्के भाग गवताचा असावा. ते दिवसरात्र पुढ्यात असावे, संपू देऊ नये. परदेशी टिमोथी गवत मिळते, पण महाग पडते. ते नसेल तर अडून बसायचे कारण नाही. महाराष्ट्र हा गवताचा प्रदेश आहे. मारवेल आहे, हरळी आहे, पॅरा आणि गिनी गवत आहे. पालघर जिल्ह्यातल्या वखारींतून मुंबईच्या तबेल्यांसाठी सुके गवत येते. गोशाळांत आणि घोड्यांच्या पागेत ते मिळू शकते. घेताना मूठभर हातात घेऊन पाहा. रंगात थोडी हिरवी झाक हवी, वास गोडसर हवा. काळे डाग, कुबट वास किंवा झटकल्यावर उडणारी धूळ दिसली तर ते परत करा. बुरशीचे गवत ससा भुकेला असला तरी देऊ नये. भाताचा पेंढा अंथरायला चांगला, पण त्यावर सशाचे पोषण होत नाही. लसूणघास आणि बरसीम ही द्विदल पिके आहेत. त्यांत प्रथिने आणि कॅल्शियम जास्त असते. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ती चालतात. प्रौढ सशाला रोज दिली तर अपाय होतो, कारण ससा अन्नातले कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषतो आणि जादाचे लघवीवाटे टाकतो. मग लघवी चुन्यासारखी दाट होते आणि मूत्राशयात गाळ साठतो.

गवतानंतर पालेभाजी. रोज मूठ-दोन मूठ पुरे. कोथिंबीर, पुदिना, गाजराचा आणि मुळ्याचा पाला, थोडी मेथी, थोडी तुळस हे सगळे आपल्या मंडईत रोज असते. मंडईत भाजीवाल्या मावशी गाजराचा पाला तोडून बाजूला टाकतात. तो मागून घ्या. सशाला गाजरापेक्षा त्याचा कितीतरी उपयोग आहे. पालक आणि चुका यांत ऑक्झॅलेट जास्त असते, त्यामुळे ते क्वचित द्यावेत. भाजीवर फवारे मारलेले असतात, म्हणून भरपूर पाण्यात धुवावी. लॉनवर यंत्राने कापलेल्या गवताचा ढीग देऊ नका, तो लगेच तापतो आणि आंबतो. रस्त्याकडेचे गवत आणि घाणेरीची पाने कधीच नकोत. सुबाभूळ शेळ्यांना घालतात, पण सशाला नको. त्यातल्या मायमोसिनमुळे सशाचे केस गळतात.

गोळ्यांचे खाद्य द्यायचेच असेल तर एकसारख्या, भरपूर तंतूंच्या गोळ्या घ्या आणि मोजून द्या. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला २५ ग्रॅम ही वरची मर्यादा समजा. गाजर, केळे, सफरचंद हे गोड पदार्थ आहेत. बोटभर तुकडा आठवड्यातून एक-दोनदा, तोही हौस म्हणून. पोळी, भात, ब्रेड, बिस्किट, फुटाणे, शेव, चॉकलेट यांना सशाच्या ताटात जागा नाही. कांदा, लसूण, बटाटा आणि अ‍ॅव्होकॅडोही नकोत. आणखी एक गोष्ट मराठी घरांना मुद्दाम सांगायची आहे. पोट बिघडले की आपण दहीभात खातो आणि मायेने तोच सशापुढे ठेवतो. प्रौढ सशाला दूधदुभते पचत नाही आणि दह्यातले जिवाणू त्याच्या अंधांत्रातले मूळ रहिवासी नाहीत. त्याला दहीभात देऊ नका.

पाणीही आहारच आहे. झ्यूरिक विद्यापीठाच्या २०११ मधील अभ्यासात, नळीच्या बाटलीपेक्षा उघड्या भांड्यातून प्यायला सशांची पसंती दिसली. तेव्हा जड, पसरट मातीचे किंवा स्टीलचे भांडे ठेवा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे फार महत्त्वाचे आहे. सशाला घाम येत नाही. पारा चढला की त्याचे खाणे घटते आणि पोट मंदावण्याचा धोका वाढतो. तो पहाटे आणि संध्याकाळी जास्त खातो. ताजे गवत त्याच वेळी घाला, खोली गार ठेवा, पाला ओला करून द्या.

आता बदल कसा करायचा. आज हे व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर गोळ्यांची वाटी एकदम काढून घेऊ नका. खुराकावर वाढलेला ससा गवत ओळखत नाही. तो हट्टाने उपाशी राहिला, विशेषतः तो लठ्ठ असेल, तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि ते प्राणघातक ठरते. दोन ते चार आठवडे घ्या. गोळ्या थोड्या थोड्या कमी करा. गवतात पुदिना, कोथिंबीर मिसळा. लेंड्या टाकायच्या त्याच्या ठरलेल्या कोपऱ्याला लागून गवताची टोपली ठेवा, कारण ससे खाता खाताच लेंड्या टाकतात. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करून लिहून ठेवा. नवी भाजी एका वेळी एकच सुरू करा आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या पाहा.

लेंड्या कशा पाहायच्या, हेही सांगते. एक लेंडी घ्या आणि बोटांत चुरडा. चांगली लेंडी गोल, फिकट तपकिरी आणि बाकीच्या लेंड्यांच्याच मापाची असते. ती सहज फुटते आणि आत गवताचे सोनेरी तुकडे दिसतात. तिला जवळजवळ वास नसतो. लेंडी लहान, काळी आणि कडक असेल तर गवत आणि पाणी वाढवा. माळेसारख्या केसांत गुंफलेल्या लेंड्या दिसल्या तर केस गळण्याचा हंगाम आहे, रोज विंचरा. मऊ लेंड्यांचे घोस पडून राहिले तर खुराक कमी करा. आणि लेंड्याच नसतील तर थांबू नका.

हे थांबू नका म्हणजे काय, ते नीट ऐका. ससा दहा-बारा तास खात नसेल, लेंड्या टाकत नसेल, अंग आक्रसून बसला असेल, दात करकरा वाजवत असेल, कान गार पडले असतील, तर तो आणीबाणीचा प्रसंग आहे. सकाळपर्यंत वाट पाहू नका. सशाचे तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सियस असते. ते ३८ च्या खाली गेले की धोका वाढतो. त्याला उबदार फडक्यात गुंडाळून डॉक्टरांकडे न्या. पोट फुगून टणक झाले असेल तर तोंडावाटे काहीही भरवू नका. आतड्यात अडथळा असू शकतो आणि तेव्हा भरवणे घातक ठरते. फ्रान्सेस हारकोर्ट-ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवून दिले की रक्तातली साखर फार वाढलेली असणे ही अशा अडथळ्याची सूचना असू शकते. तेव्हा डॉक्टरांनी ही साधी तपासणी करावी, असे आपण सुचवू शकता. अडथळा नसेल तर सलाइन, वेदनाशामक, ऊब आणि सिरिंजने भरवलेला तंतुमय घाटा या उपचारांनी बरेच ससे उभे राहतात. पण घरच्या डब्यातले औषध देऊ नका. तोंडावाटे दिलेली अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही माणसांची नेहमीची प्रतिजैविके सशाच्या अंधांत्रातले चांगले जिवाणू मारतात आणि त्याने ससा दगावतो.

आहाराने सगळेच आजार टळतात, असा माझा दावा नाही. दाढेचे गळू, मूतखडा, मादीच्या गर्भाशयातली गाठ, दिवाळीच्या फटाक्यांचा धसका, अशा कशानेही ससा खाणे सोडतो. त्या वेळी मूळ दुखणे शोधावेच लागते. पण ज्याचे आतडे गवतावर पोसलेले आहे, तो अशा संकटात जास्त तग धरतो. गवताने आजारपणासाठी लागणारी शिल्लक तयार होते.

शेवटी, समाज म्हणून आपण काय करायचे तेही बोलले पाहिजे. आपले पशुवैद्यकीय शिक्षण प्रामुख्याने गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्याभोवती उभे राहिले. शेतीप्रधान राज्यात ते योग्यच होते. मुंबईच्या परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाला १८८६ पासूनची परंपरा आहे. त्या परंपरेत आता शहरातल्या छोट्या प्राण्यांनाही पुरेशी जागा हवी. येथे बसलेल्या तरुण पशुवैद्यांना माझी विनंती आहे : सशाचे दात तपासायला शिका, त्याची वेदना ओळखायला शिका आणि प्रत्येक पालकाला औषधाच्या चिठ्ठीबरोबर गवताची चिठ्ठी लिहून द्या. पाळीव प्राण्यांच्या दुकानदारांना विनंती आहे : सशाबरोबर रंगीत दाण्यांऐवजी गवताची पेंढी विका. गवत विकणाऱ्या आमच्या शेतकरी भावांनाही सांगते, शहरात या गवताला गिऱ्हाईक आहे. स्वच्छ वाळवून, किलो-दोन किलोच्या पिशव्या बांधल्या तर तुमचाही फायदा आणि मुक्या जिवांचाही.

आणि घरोघरच्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना सांगणे असे, की मुलांना ससा आणून देण्याआधी त्यांच्याकडून एक काम कबूल करून घ्या. रोज सकाळी गवत बदलायचे आणि लेंड्या पाहायच्या. त्यात पाच मिनिटेही जात नाहीत. त्यातून मुलाला कळते, की प्रेम करणे म्हणजे आपल्याला आवडते ते दुसऱ्याला भरवणे नव्हे, त्याला काय लागते ते जाणून घेऊन नेमाने पुरवणे. हे काम करायची घरात कोणाची तयारी नसेल, तर ससा आणू नका. तयारी असेल, तर आधी गवताची सोय करा, सशावर उपचार करणारे डॉक्टर कुठे आहेत ते शोधून त्यांचा नंबर लिहून ठेवा आणि मगच त्याला घरी आणा.